मुलाचे ऑनलाइन गेमचे खाते: कुटुंबाने ते कसे उघडावे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे ह्यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा तेथे जन्म झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत, आणि मुलांचे बालपण आई रुक्मिणीबाई व आजोबा ह्यांच्या छायेत गागोद्यास गेले. विनोबांनी आपल्या आठवणींत सांगितलेला एक प्रसंग अनेक वाचकांना ठाऊक असेल. दिवाळीला वडील बडोद्याहून घरी आले व त्यांनी मुलाच्या हाती एक पुडके दिले. मिठाई असेल अशा अपेक्षेने त्याने ते उघडले, तर आतून मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची दोन पुस्तके निघाली.

कमावता माणूस परगावी आणि मुले गावी, ही कोकणातील जुनीच रीत. पेण-रोहा परिसरातून माणसे पनवेल, नवी मुंबई, मुंबईला जातात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांतील कर्ता पुरुष आखातात किंवा बोटीवर असतो. सुट्टीला तो घरी येतो तेव्हा आता पुडक्यातून बहुधा मोबाईल निघतो. मुलालाही तोच हवा असतो, आणि वडिलांचा हेतूही चांगला असतो: दूर असताना संध्याकाळी अर्धा तास मुलांबरोबर एखादा डाव टाकता यावा. ह्या हेतूला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. फरक इतकाच की, नरहरपंतांना आपण दिलेल्या पुस्तकांत काय आहे ते देण्यापूर्वी माहीत होते. मोबाईलवरील खेळाचे तसे नाही. तो आपल्या घरात उघडतो आणि त्याच वेळी बाहेरच्या जगातही उघडतो. त्या दाराची कडी म्हणजे मुलाचे खाते. ते कसे उघडावे ह्याविषयी पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे देत आहोत.

खाते कोणाचे?

खाते म्हणजे खेळ पुरविणाऱ्या कंपनीच्या दप्तरातील आपल्या मुलाची नोंद. नाव, जन्मतारीख, ईमेल किंवा मोबाईल क्रमांक आणि पासवर्ड एवढ्यावर ती नोंद उभी राहते. कोणाला त्या मुलाशी बोलता येईल, त्याला कोणत्या जाहिराती दिसतील, त्याला खरेदी करता येईल की नाही, हे सारे कंपनीची यंत्रणा त्या नोंदीवरून ठरवीत असते. पडद्यापुढे प्रत्यक्ष कोण बसले आहे ते तिला दिसत नाही.

बहुतेक घरांत होणारी चूक अगदी साधी आहे, आणि ती कोणी वाईट बुद्धीने करीत नाही. मुलगा हट्ट धरतो, वडील आपला मोबाईल त्याच्या हाती देतात, खेळ वडिलांच्याच खात्यावर उतरविला जातो. त्या क्षणापासून यंत्रणेच्या लेखी तो नऊ वर्षांचा मुलगा चाळीस वर्षांचा गृहस्थ होतो, ज्याचे बँक खातेही मोबाईलला जोडलेले आहे. त्याच्यापुढे प्रौढांच्या जाहिराती येतात, अनोळखी प्रौढ त्याच्याशी बोलू शकतात, आणि खरेदीचे बटण दाबले तर कोणी थांबवीत नाही. दुसरी चूक ह्याच जातीची. मुलाचे वेगळे खाते उघडायचे, पण ‘वय कमी आहे’ असे सांगून खेळ अडवितो म्हणून जन्मसाल दहा वर्षांनी मागे टाकायचे. कित्येक घरांत हे काम पालक स्वतःच करून देतात. हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण खरी तटबंदी पाडली जाते ती येथेच, आणि ती घरच्याच माणसाच्या हातून.

एक उदाहरण घेऊ. बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा खेळ २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी त्यात पालकांची संमती, दिवसाला तीन तासांची मर्यादा आणि खर्चावरही मर्यादा ठेवलेली होती. तीन तास हे आमच्या मते फारच झाले. परंतु जी काही मर्यादा होती ती वय खरे सांगणाऱ्यालाच लागू पडणार होती. रोब्लॉक्स ह्या मुलांच्या आवडत्या खेळात नोव्हेंबर २०२४ पासून पालकांना आपले खाते मुलाच्या खात्याशी जोडून दुरूनही देखरेख ठेवता येते, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या कंपनीने चॅट वापरण्यापूर्वी कॅमेऱ्यापुढे वय तपासण्याची पद्धत जगभर सुरू केली. कंपन्यांना हे करावे लागले, कारण लिहून दिलेल्या जन्मतारखेवर विश्वास ठेवता येत नाही हे त्यांनाही उमगले आहे.

कायद्याचेही ह्याबाबत म्हणणे आहे. भारताच्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती हाताळण्यापूर्वी कंपनीने पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात नमूद आहे. ह्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण ज्या मुलाची नोंदच प्रौढ म्हणून आहे त्याला ह्या कायद्याची सावली तरी कशी मिळावी?

तेव्हा पहिला आणि मुख्य नियम: खाते मुलाचे स्वतःचे, जन्मतारीख खरी, आणि ते खाते पालकाच्या खात्याखाली जोडलेले. पुढील सारे उपाय ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत.

अँड्रॉइड मोबाईलवर

आपल्याकडे बहुसंख्य घरांत अँड्रॉइड मोबाईल असतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. गूगलने पालकांसाठी फॅमिली लिंक नावाचे अ‍ॅप विनामूल्य दिले आहे. प्रथम पालकाने आपले स्वतःचे गूगल खाते नीट करून घ्यावे. त्याचा पासवर्ड मुलाला माहीत असू नये. मोबाईल क्रमांक किंवा मुलाचे नाव हाच पासवर्ड असेल, तर तो आजच बदलावा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. खात्याला जोडलेला क्रमांक चालू असलेल्या सिमचा आहे ना, हेही पाहावे. परदेशी गेल्यावर येथील सिमला रिचार्ज करायचे राहून जाते, क्रमांक बंद पडतो, काही महिन्यांनी तो दुसऱ्या ग्राहकाच्या हाती जाऊ शकतो, आणि मग ओटीपीही त्याच्याकडेच जातो.

त्यानंतर पालकाच्या मोबाईलवर फॅमिली लिंक उतरवून त्यातूनच मुलाचे खाते तयार करावे. मुलाच्या मोबाईलवर त्या खात्याने प्रवेश करताना संमतीसाठी पालकाचा पासवर्ड विचारला जातो. तो आपण स्वतः टाकावा, मुलाला सांगू नये. आई आणि वडील दोघांनाही कुटुंब-गटात पालक म्हणून घेता येते. वडील दूर असतील तर हे अवश्य करावे. नाहीतर मुलगा गावी खोळंबलेला, आईच्या हाती अधिकार नाही आणि वडील पाळीवर, असा प्रकार होतो, आणि कंटाळून सारी बंधने सैल केली जातात.

आता कोणताही नवा खेळ उतरवायचा झाला की पालकाच्या मोबाईलवर विचारणा येईल. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: पूर्वी एकदा उतरविलेला खेळ पुन्हा घेताना किंवा त्याची नवी आवृत्ती येताना अशी विचारणा होत नाही. रोजची वेळ, रात्री मोबाईल बंद होण्याची वेळ आणि एकेका अ‍ॅपसाठी वेगळी मर्यादा हेही तेथेच ठरविता येते. अ‍ॅपलच्या मोबाईलवर हीच कामे ‘फॅमिली शेअरिंग’, ‘स्क्रीन टाइम’ आणि ‘आस्क टू बाय’ ह्या सोयींनी होतात.

घरात एकच मोबाईल असेल तर? गागोद्यासारख्या गावातील अनेक घरांपुढे खरा प्रश्न हाच असणार. अशा वेळी मोबाईलमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करण्याची सोय आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहावे. नसेल तर सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ नावाची सोय बहुतेक अँड्रॉइड मोबाईलांत सापडते. खेळ उघडून तो पिन केला, आणि बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्याय चालू ठेवला, की मुलाला त्या खेळाबाहेर, म्हणजे आपल्या संदेशांत, फोटोंत किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये, जाता येत नाही. हा उपाय खात्याइतका पक्का नाही, पण वडिलांचा मोबाईल तसाच हाती देण्यापेक्षा पुष्कळ बरा.

आखातातील वा अन्य देशांतील काही कुटुंबांत टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र असते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विच ह्या तिन्हींत पालकाच्या खात्याखाली मुलाचे खाते काढण्याची, संभाषण बंद ठेवण्याची आणि खरेदी रोखण्याची सोय आहे. यंत्र खोक्यातून काढून मुलाच्या हाती देण्याआधी एक संध्याकाळ ह्यासाठी काढावी. नाताळच्या सकाळी, मुले भोवती गलका करीत असताना, हे काम होत नाही.

नाव, चित्र आणि संभाषण

खेळात दिसणारे नाव मुलाचे खरे नाव असू नये. आडनाव, गाव, शाळा, धर्मग्राम, जन्मसाल ह्यांतील काहीही त्यात येऊ नये. नावापुढे ‘२०१५’ लिहिले की मुलाचे वय जगजाहीर झाले. फोटोच्या जागी फूल, पक्षी, क्रिकेटची बॅट काहीही ठेवावे. प्रथम दिव्य ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीचा फोटो अनेक पालक हौसेने तेथे लावतात. तो भिंतीवर लावावा.

प्ले स्टोअरवर खेळाखाली ३+, ७+, १२+ असे वय दिलेले असते. त्यावरून खेळात मारामारी, रक्तपात वा अश्लीलता किती ते कळते. खेळताना मुलाला कोण भेटेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी खेळाच्या माहितीत ‘युझर्स इंटरॅक्ट’ असा उल्लेख आहे का ते पाहावे. तो असेल तर इतर खेळाडूंशी संपर्क होऊ शकतो असे समजावे आणि खेळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आवाजी व लेखी संभाषण दोन्ही बंद करावे, किंवा फक्त ओळखीच्या मित्रांपुरते ठेवावे. मैत्रीच्या विनंत्या आठवड्यातून एकदा मुलाबरोबर बसून पाहाव्यात आणि ‘हा कोण?’ हे विचारावे. ‘खेळातला मित्र’ एवढेच उत्तर आले, तर तो मित्र काढून टाकावा.

हा धोका कसा समोर येतो, ह्याचे एक उदाहरण महाराष्ट्राने नुकतेच ऐकले आहे. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचे उद्घाटन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्या उपस्थितीत झाले. त्या वेळी अभिनेते अक्षयकुमार ह्यांनी आपल्या घरातील अनुभव सांगितला. त्यांची मुलगी ऑनलाइन खेळ खेळत असताना अनोळखी खेळाडूकडून संदेश आले. आधी साधी विचारपूस झाली, मग तू मुलगा की मुलगी असा प्रश्न आला, आणि त्यानंतर थेट नग्न छायाचित्रांची मागणी. मुलीने खेळ बंद केला आणि उठून आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांत आठवड्याला एक तास सायबर शिक्षणाचा असावा, अशी विनंतीही त्यांनी त्या वेळी शासनाला केली.

ह्या प्रसंगात आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते मुलीने आईला लगेच सांगणे. जे मूल सांगत नाही ते बहुतेकदा एका भीतीने सांगत नाही: आईबाबा रागावतील आणि मोबाईल काढून घेतील. म्हणून खाते उघडतानाच मुलाला शब्द द्यावा की, असे काही घडले आणि तू सांगितलेस तर मोबाईल काढून घेतला जाणार नाही. आणि तो शब्द पाळावा. शेजारच्या घरात काही घडले म्हणून धाकाने आपल्या मुलाचा मोबाईल कपाटात ठेवणारे पालक आपल्या मुलाला गप्प राहण्याचा धडा देत असतात.

पैसा

‘मोफत’ हा शब्द ह्या व्यवसायात फार जपून वाचावा. खेळ फुकट असतो. आतली नाणी, हिरे, कपडे, शस्त्रे विकत असतात. फॅमिली लिंकमध्ये प्रत्येक खरेदीला पालकाची मंजुरी लागेल असा पर्याय निवडता येतो. मात्र ही मंजुरी गूगल प्लेच्या मार्फत होणाऱ्या खरेदीलाच लागू पडते, बाहेरच्या संकेतस्थळावर किंवा यूपीआयने केलेल्या व्यवहारास नाही. म्हणून यूपीआयचा पिन मुलाला कधीही कळू देऊ नये. कित्येक घरांत आजीला पैसे काढून द्यायला, वीजबिल भरायला नातवालाच बोलावले जाते आणि पिन त्यालाच पाठ असतो. आजीची अडचण खरी आहे. पण ते काम घरातील मोठ्या माणसाने करावे. मोबाईल उघडण्यासाठी मुलाच्या बोटाचा ठसाही नोंदविलेला असेल तर तोही काढून टाकावा, कारण पुष्कळदा त्याच ठशाने खरेदीही मंजूर होते. मुलाला थोडा खर्च करू द्यायचाच असेल तर ठराविक रकमेचे गूगल प्ले गिफ्ट कार्ड बरे. ती रक्कम संपली की खर्च थांबतो.

‘हजार हिरे फुकट मिळवा, येथे लॉगिन करा’ अशा दुव्यांतून खाती चोरली जातात. खात्याचा पासवर्ड मित्रालाही द्यायचा नसतो, हे मुलाला स्पष्ट सांगावे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही निराळी बाब आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यानुसार असे खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे व त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणे ह्यांवर बंदी आहे. घरातील मोठी माणसेच त्यात अडकली असतील, तर मुलाच्या खात्याची काळजी कोणी करावी?

कुटुंबाचा डाव

कोणता खेळ घ्यावा, असे आम्हांला विचारले तर आम्ही लुडोचे नाव घेऊ. आपल्या पचिसीचे हे विलायती रूप सर्वांच्या परिचयाचे. त्याची मोबाईलवरील लुडो किंग ही आवृत्ती पेणपासून फार दूर नसलेल्या नवी मुंबईतील गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढली, आणि २०२० च्या टाळेबंदीत ती देशभर घरोघरी खेळली गेली. सोंगट्या ओळखीच्या असल्याने आजीलाही शिकवावे लागत नाही. ह्या खेळात शिरण्याची तीन-चार दारे आहेत व ती ओळखून घ्यावीत. एकाच मोबाईलवर आळीपाळीने खेळण्यास इंटरनेटही लागत नाही. दूरच्या नातलगांबरोबर खेळायचे तर खासगी खोली उघडून तिचा सांकेतिक क्रमांक फोनवर सांगायचा. ज्याच्याकडे तो क्रमांक आहे तोच आत येतो. ऑनलाइन खेळण्याचे तिसरे दार मात्र अनोळखी खेळाडूंकडे नेते. ते मुलांसाठी नाही.

समजा, वडील कुवेतमध्ये, काका पनवेलला आणि मुलगी आजीजवळ गावी आहे. रविवारी दुपारच्या जेवणानंतर खोलीचा क्रमांक काकाने फोन करून सांगावा, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये. तो गट चाळीस माणसांचा असतो आणि त्यातील सगळीच आपली असतात असे नाही. मुलीने तो डाव बाहेरच्या खोलीत, आजीच्या शेजारी बसून खेळावा. पहिले चार-पाच डाव झाल्यावर वडिलांनी तिला विचारावे की खेळात काय आवडले आणि कशाचा कंटाळा आला. जाहिरातींचा, असेच उत्तर बहुधा येईल.

वेळेविषयी एकच गोष्ट सांगतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेला कार्लो अकुतिस प्लेस्टेशनचा शौकीन होता आणि आठवड्याला एकच तास खेळायचे हे बंधन त्याने स्वतःवर घालून घेतले होते. आपल्या मुलावर हेच माप लादावे असे आम्ही म्हणणार नाही. ते त्याने स्वतः ठरविले होते, म्हणून टिकले. फॅमिली लिंकमधील रोजची मर्यादाही मुलाशी बोलून ठरविल्यास कमी भांडणे होतात, असा आमच्या परिचयातील पालकांचा अनुभव आहे.

काही घडलेच तर

संभाषण पुसून टाकू नये. आधी पडद्याचे फोटो घ्यावेत, समोरच्याचे खेळातील नाव लिहून ठेवावे, मग त्याला अडवावे आणि खेळातच तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येतात. मुलाकडे अश्लील फोटोंची मागणी करणे हा पॉक्सो कायदा, २०१२ खाली गुन्हा आहे, आणि समोरचा माणूस कोण ते माहीत नसले तरी तक्रार करता येते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. त्या क्रमांकावर मुलाला स्वतःलाही फोन करता येतो, हे त्याला सांगून ठेवावे.

आणि मोबाईल जुना होऊन विकायचा किंवा धाकट्या भावाला द्यायचा झाला, तर आधी त्यावरील मुलाचे खाते काढून मग मोबाईल पूर्ण रिकामा करावा. धाकट्यासाठी त्याचे स्वतःचे खाते, त्याच्या स्वतःच्या जन्मतारखेने, पुन्हा पहिल्यापासून उघडावे.